जॅक्सनच्या मागे वाजवणारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या अल्बमवरचा लेख वाचला. पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवलेला माणूस मी, त्यामुळे लेखात एकच नाव शोधत होतो: लुईस जॉन्सन. सापडलं नाही. अल्बमचे निर्माते क्विन्सी जोन्स एका वाक्यात उरकलेत, बाकी सगळा जॅक्सन.

अल्बममधलं ‘बिली जीन’ सुरू होताना आधी नुसता ड्रम येतो, मग बेस शिरतो. तो ड्रम लिऑन ‘एनडुगू’ चॅन्सलर यांचा, बेस जॉन्सन यांचा. बेसची ओळ जॅक्सनचीच, पण त्याने जॉन्सनना जवळच्या सगळ्या गिटारी आणायला लावून एकेकीवर ती वाजवून घेतली आणि शेवटी यामाहा पसंत केली, असं सांगतात. जेमतेम आठ सुरांचा तुकडा. पाच मिनिटं तसाच्या तसा वाजवून बघा! आमच्या कार्यक्रमात हे गाणं आलं की दुसऱ्या कडव्यालाच माझी लय पळायची आणि ड्रमवाला डोळे वटारायचा. या गाण्याचं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ, रेकॉर्डिस्ट ब्रूस स्वीडीन यांनी 91 वेळा केलं आणि अखेर दुसऱ्या वेळचंच ठेवलं.

‘बीट इट’मधला गिटारचा सोलो रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी पैसे न घेता वाजवला, एवढं लेखात आहे. पुढची गंमत राहिली. सोलोच्या वेळी टेपची कापाकापी झाली आणि ती बाकीच्या टेपांशी जुळेना. मग गिटारवादक स्टीव्ह ल्युकाथर आणि ड्रमर जेफ पोर्कारो यांनी जॅक्सनचा आवाज आणि तो सोलो कानात ठेवून उरलेलं गाणं त्यांच्याभोवती नव्याने वाजवलं. आधी छप्पर, मग भिंती. बेसही ल्युकाथर यांचाच. त्यांनी मोठ्या अँपवर (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) गिटारींचे थर चढवले, तर क्विन्सींनी ते उतरवायला लावले: गाणं रेडिओवर लागायचंय, अँप लहान घ्या.

हे दोघे टोटो या बँडचे. त्याच बँडच्या डेव्हिड पेच यांनी क्विन्सींकडे चालींची कॅसेट पाठवली होती. तिच्या शेवटी स्टीव्ह पोर्कारो यांची एक अर्धवट चाल चुकून राहिली होती. क्विन्सींना नेमकी तीच आवडली. तिचं ‘ह्यूमन नेचर’ झालं. शीर्षकगीत लिहिणारे रॉड टेम्परटन इंग्लंडचे, हेही लेखात नाही.

माझी ‘थ्रिलर’ दुकानातून भरून घेतलेली कॅसेट होती. लेबलवर दुकानदाराने बॉलपेनने गाण्यांची नावं लिहून दिलेली, तीही दोन चुकीची. वादकांची नावं त्यात कुठून येणार? मला ती कळली फार उशिरा, एका मित्राकडची परदेशी रेकॉर्ड उलटून पाहताना. आता फोनवर गाणं लावलं तर गायकाचा फोटो पडदाभर, आणि वाजवणारे शोधायला चार ठिकाणी बोटं दाबा. आपल्याकडे तरी काय? शंकर-जयकिशन सगळ्यांना ठाऊक, त्यांचे अरेंजर, म्हणजे वाद्यसंयोजक, सॅबॅस्टियन डिसूझा किती जणांना? अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे गुरू, माजोर्ड्याचे गोवेकर वादक. लोकांना मात्र ते नाव ‘अमर अकबर अँथनी’त अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं वाटतं.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एका अल्बमवर लेख येतो. त्याखाली बारीक टायपात वादक, अरेंजर, रेकॉर्डिस्ट यांची नावं छापता येतील का? चार ओळी लागतील. त्यासाठी गायकाचा फोटो थोडा लहान केलात तरी चालेल.

आपला,
एक जुना बेसवाला, डोंबिवली