जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहू नका

संपादक महोदय,

लग्नसराईत गंगापूर रोडवरच्या लॉन्समध्ये मी वाढपाचं काम करते. हल्ली पंगतीत माणूस अजून वरणभात कालवत असतो, तोवर दुसरा त्याच्या खुर्चीवर हात ठेवून मागे उभा! परवा एक आजी या घाईपायी मठ्ठाही न घेता अर्ध्या पानावरून उठल्या. फार वाईट वाटलं. म्हातारी माणसं सावकाश जेवतात, त्यांना जेवू द्या ना.

आणि तो मोबाइल. जिलेबीचं ताट घेऊन वाकलं तरी मान वर होत नाही. 'वाढू का?' दोनदा विचारायचं, उत्तर नाही म्हणून वाढायचं, की तीच जिलेबी पानात तशीच. नको असेल तर ताटावर हात आडवा धरा, 'पुरे' म्हणा. आम्हाला राग येत नाही. खरकट्याच्या टबात अख्खी पुरणपोळी पडताना मात्र जीव तुटतो.

यजमानांना विनंती : पुढच्या पंगतीसाठी बाहेर खुर्च्या मांडा, पहिली उठून टेबलं पुसून झाल्यावरच माणसं आत सोडा. घरचं कुणीतरी पंगतीत फिरत राहिलं, तर तेवढं सहज जमतं.

– एक वाढपी, पंचवटी, नाशिक