जुन्या अमेरिकी नोटा घेण्याआधी

प्रिय सुहास,

न्यू जर्सीत राहून तिथल्याच अठराव्या शतकातल्या नोटा जमवायच्या म्हणतोस, तर सुरुवात २५ मार्च १७७६ च्या नोटांपासून कर. बर्लिंग्टनला आयझॅक कॉलिन्सने छापलेल्या या नोटा बऱ्याच टिकून आहेत, त्यामुळे त्या आवाक्यात मिळतात. सह्या मात्र नीट वाच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या जॉन हार्टने यातल्या काही नोटांवरही सही केली आहे, आणि तिचा भाव वेगळा असतो.

नोट हातात आली की आधी कागद बघ, बाकीचं मागाहून. तपकिरी, कडक, हलवला की कुरकुरणारा कागद म्हणजे पर्यटकांसाठी काढलेली नक्कल. खरा कागद चिंध्यांचा. मऊ पण चिवट. तेव्हाच्या अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने १७७५ पासून काढलेल्या कॉन्टिनेन्टल डॉलरच्या कागदात निळे तंतू आणि अभ्रकाचे कण असत; नोट दिव्याखाली तिरकी धरली की ते चमकतात. मग दहापट भिंग लाव. ठशाने दाबून छापल्यामुळे अक्षरं कागदात रुतलेली असतात, शाई त्यांच्या कडेला साचते. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आजकालची छपाई, विषय संपला. क्रमांक आणि सह्याही हातानेच केलेल्या हव्यात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा उजळला तर तो आजकालचा. पण उजळला नाही एवढ्यावरून नोट खरी ठरत नाही.

बऱ्याच नोटांच्या पाठीवर झाडाचं पान असतं. खऱ्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा ठसा ओतायची युक्ती बेंजामिन फ्रँकलिनची. शिरा इतक्या बारीक निमुळत्या होत जातात की हाताने तशा कोरणं कठीण. तरीही स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी खोटे डॉलर पसरवलेच! २० मे १७७७ आणि ११ एप्रिल १७७८ या तारखांच्या नोटा काँग्रेसला चलनातून काढाव्या लागल्या. त्या काळच्या खोट्या नोटाही संग्राहक आवडीने घेतात, फक्त विकणाऱ्याने तसं सांगून विकायला हवं.

फसगत जास्त होते ती दुरुस्तीत. नोट उजेडासमोर धर: बुजवलेलं भोक दाट डागासारखं दिसतं, मागून चिकटवलेला कागद लगेच कळतो. धुऊन इस्त्री केलेली नोट पांढरी दिसते, पण ठशाचा उठाव गेलेला असतो आणि सह्या फिकटलेल्या. याउलट मधोमध फाटलेली नोट त्याच काळात दोऱ्याने शिवलेली असेल तर तो टाका उसवू नकोस. तो तिच्या इतिहासाचा भाग आहे. चिकटपट्टी तर कधीच लावू नकोस.

ठेवायला मायलरचे, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरचे, पाकीट घे. पीव्हीसीचे मऊ पाकीट काही वर्षांत चिकट होतं आणि नोटेचा नाश करतं. पुण्याला आणणार असशील तर पावसाळ्याचा विचार कर: सिलिका जेल ठेव आणि दमट भिंतीलगतचं कपाट टाळ.

पैसे पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि मागून उजेड टाकून काढलेला एक फोटो माग. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर दुसरी नोट शोध.

तुझा,
विनय