'साइन'ची जेब: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी दहावीला गणित शिकवतो. त्रिकोणमितीच्या पहिल्या तासाला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, साइन म्हणजे काय हो?" समोरची बाजू भागिले कर्ण, एवढ्यावर पोरांचं भागत नाही. त्यांना शब्दाचा अर्थ हवा असतो.

तो बगदादच्या वाटेवर सापडतो. आपला शब्द 'ज्या' किंवा 'जीवा', धनुष्याची दोरी. आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूरच्या काळात संस्कृत ज्योतिषग्रंथ अरबीत गेले आणि जीवाचं 'जीब' झालं. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून पुढे ते 'जैब' असं वाचलं गेलं: अंगरख्याचा गळा, खिसा. (हिंदी सिनेमातला जेबकतरा कापतो ती जेब हीच.) बाराव्या शतकात लॅटिनवाल्यांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, 'सायनस'.

शब्द इतका टिकला, कारण अरबी मुलखात शिकण्याची सोय पक्की होती. मुलं कुत्ताबात, म्हणजे प्राथमिक शाळेत, अक्षरं गिरवत, मोठी झाली की मशिदीत गुरूभोवती 'हलका', म्हणजे वर्तुळ, करून बसत. ग्रंथ पुरा झाला की तो शिकवण्याची परवानगी, म्हणजे इजाजा, गुरू स्वतः देई. तिथं मुख्यतः धर्मशास्त्रच चाले, हे खरं. पण किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा, नमाजाच्या वेळा, वारसांच्या वाटण्या, सगळ्याला गणित लागे.

इ.स. ८२०च्या सुमारास बगदादच्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाने लिहिलेल्या बीजगणितात वाटण्यांचा भाग भलामोठा आहे. त्यातलं एक उदाहरण: बाप वारला, मुलगे दोन. रोख १० दिरहम, एका मुलाकडून येणे १०. एक तृतीयांश परक्याला द्यायचं. कर्जदार मुलाचा वाटा त्याच्या कर्जातूनच वळता करायचा. वाटा क्ष धरा, वाटायची रक्कम १० + क्ष, तिचे तीन सारखे भाग. क्ष = ५. माझ्या वर्गाने हे दोन मिनिटांत सोडवलं आणि मग कर्जातल्या उरलेल्या ५ दिरहमांवरून भांडण सुरू झालं.

विनंती एवढीच, की पुस्तकाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा हे उदाहरण आणि 'ज्या'ची हकीकत एका चौकटीत छापा. जागा उरली तर जगन्नाथ सम्राटही घ्या. जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या या मराठी पंडिताने १७३२ मध्ये नसीरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून ग्रीक ज्योतिषी टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला.

मजकूर मी लिहून देतो. मानधन नको.

आपला,
एक गणित शिक्षक