आईचा खांदा

ॲडलेड

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओवर तू केसांत पिन खोचताना हात वर न नेता मानच खाली घालत होतीस. वर बाबा म्हणतात, "काही नाही, जरा अवघडलंय." हे जरा अवघडणं दिवाळीपासूनचं आहे, हे मला मावशीकडून कळावं!

आधी एक बघ. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटव आणि पंजा बाहेरच्या बाजूला ने. मग बाबांना तोच हात अलगद न्यायला सांग. त्यांच्याकडूनही तिथंच अडला, तर सांध्याभोवतीची पिशवी आखडलेली असणार, फ्रोझन शोल्डर. त्यांनी नेल्यावर गेला, तर दुखणं बहुधा स्नायूबंधांचं. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून मिरजेला हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढ. आणि तीन महिन्यांची साखर तपास. मधुमेह असला की हे दुखणं जास्त होतं, आणि तुझी गोळी 'आठवली तर' असते.

पेठेतल्या त्या खांदा बसवणाऱ्याकडे मुळीच जायचं नाही. निखळलेलाच नाही तर बसवायचा काय? ठणक असताना झटके दिले तर दुखणं चिघळतं.

आम्ही फिजिओथेरपिस्ट हातानं करतो ते अगदी निराळं. पेशंटला उताणं झोपवून एका हातानं दंड पेलायचा, दुसरा तळवा खांद्याच्या गोळ्यावर ठेवायचा आणि गोळा मागं सरकवायचा, किंचितच, तालात, पुन्हा पुन्हा. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई नुसती बसलीय! किती जोर लावायचा याच्या पायऱ्या इथल्याच, ॲडलेडच्या फिजिओ जेफ्री मेटलंड यांनी बसवून दिल्या. पहिली-दुसरी दुखणं शमवायला, तिसरी-चौथी आखडलेलं सोडवायला. तिकडचे फिजिओही हेच शिकतात, तेव्हा सांगलीतच चांगला मिळेल. नुसतं मशीन लावून घरी पाठवणारा नको, हात लावणारा बघ.

तिथं सुटलेलं घरी टिकवायचं मात्र तू. गरम पाण्यानं अंघोळ झाली की उताणी झोप, कोपर अंगाशी, दोन्ही हातांत लाटणं धर आणि चांगल्या हातानं दुखऱ्याला हळूहळू बाहेर ढकल. ताण जाणवू दे, पण रात्री ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी कर. वर्षभर, कदाचित जास्तही लागेल, आधीच सांगते.

हळदीचा लेप लाव बापडी. सांगलीकरणीला नको म्हणायची माझी छाती नाही. फक्त पिशवी त्यानं सुटत नाही.

वरच्या फळीवरचे डबे आता बाबा काढतील. रविवारी कॉलवर लाटणं घेऊनच बस.

तुझी,
चिमी