सर्टिफिकेटचे नाव नंतर, गृहपाठ आधी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदवीचा निकाल हाती पडला की सप्लाय चेनच्या कोर्सची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या सर्टिफिकेटला जास्त वजन? हा प्रश्न दोन पायऱ्या पुढचा आहे. आधी ठरवायचे ते आपण कोणत्या टेबलावर बसणार. मागणी आणि साठ्याचे नियोजन, खरेदी, गोदाम, वाहतूक व आयात-निर्यातीची कागदपत्रे ही कामे एका नावाखाली येतात, पण दिवस वेगवेगळे जातात. नियोजनवाला तासन्‌तास एक्सेलमध्ये असतो, खरेदीवाला पुरवठादारांच्या मागे लागून तारखा पक्क्या करून घेतो, गोदामवाला शिफ्टमध्ये आणि बहुतेक वेळ उभा असतो. ‘सगळेच शिकवतो’ म्हणणारा चाळीस तासांचा कोर्स प्रत्येकाला दहा तास देतो. तेवढ्यात व्याख्या पाठ होतात, हात बसत नाही.

नियोजनाच्या किंवा सर्वसाधारण कोर्ससाठी मी एकच कसोटी सुचवेन : सेफ्टी स्टॉक (अनिश्चिततेसाठी हाताशी ठेवलेला जादा साठा) कुठपर्यंत शिकवतात ते बघा. समजा एका वस्तूची मागणी रोज सरासरी 40 नग आहे, तिचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) 8 नग आणि ऑर्डर दिल्यावर माल यायला 9 दिवस लागतात. शंभरपैकी पंचाण्णव फेऱ्यांत माल संपू नये असे हवे असेल तर गुणक 1.65 घेतात. विचलन दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणून 8 गुणिले 3 (9 चे वर्गमूळ) गुणिले 1.65, म्हणजे साधारण 40 नग सेफ्टी स्टॉक. नऊ दिवसांची मागणी 360. साठा 400 वर आला की नवी ऑर्डर टाकायची. नवशिक्या इथे वर्गमूळ विसरतो, थेट 9 ने गुणतो आणि 40 च्या जागी 119 नग विनाकारण पडून राहतात.

बरेच प्राथमिक कोर्स इथेच थांबतात. खरी गोम पुढे आहे. पुरवठादार दर वेळी नेमक्या नवव्या दिवशी उगवत नाही. त्याच्या येण्यात 2 दिवसांचे विचलन धरा. मागणीच्या चढउताराचा भाग 9 गुणिले 64, म्हणजे 576. पुरवठ्याच्या अनिश्चिततेचा भाग 40 चा वर्ग गुणिले 2 चा वर्ग, म्हणजे 6400. बेरीज 6976, तिचे वर्गमूळ सुमारे 83.5, गुणिले 1.65 : 138 नग. मागणी जशीच्या तशी असताना सेफ्टी स्टॉक जवळजवळ साडेतीन पट झाला! अंदाजाचे सूत्र घासत बसण्यापेक्षा पुरवठादाराच्या तारखा सुधारणे कधी कधी कितीतरी फायद्याचे का, ते या दोन आकड्यांवरून कळते. हे दुसरे गणित ज्या कोर्सच्या गृहपाठात आहे तो निवडावा. फक्त स्लाइडवर असेल तर ते नसल्यासारखेच.

इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीचे, म्हणजे एकूण खर्च सर्वांत कमी पडेल अशा ऑर्डरच्या आकाराचे, तसेच. फोर्ड हॅरिस यांचे हे सूत्र 1913 चे. ते शिकवत नाही असा कोर्स सापडणार नाही. वर्षाला 12,000 नग, दर ऑर्डरचा खर्च 150 आणि एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च 10 (चलन कोणतेही धरा), तर उत्तर येते 600. पण पुरवठादार 500 च्या पॅलेटमध्येच देतो, मग काय? 600 घेतल्यास दोन्ही खर्च मिळून 6000, 500 घेतल्यास 6100, 1000 घेतल्यास 6800. म्हणजे खाली 500 वर जाणे जवळपास फुकट, वर 1000 वर जाणे महाग. डेमो लेक्चरला बसायला मिळाले तर हा प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याने कधी ऑर्डर टाकली आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळते.

एक्सेलबद्दल. प्रत्येक माहितीपत्रकात पिव्होट टेबल (सारांश तक्ता) आणि लुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणे) लिहिलेले असते. विचारायचे ते सरावासाठी दिलेली फाइल कशी आहे. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या फाइलवर लुकअप कोणालाही येतो. कामावर मिळणाऱ्या फाइलमध्ये एकच वस्तू दोन कोडखाली असते, एका ओळीत नग तर दुसरीत बॉक्स असतात, तारीख मजकूर म्हणून साठवलेली असते आणि काही वस्तूंचा साठा चक्क ऋण दिसतो, कारण माल बाहेर गेल्याची नोंद आत आल्याच्या नोंदीआधी पडलेली असते. निदान एक गृहपाठ असल्या फाइलवर हवा. अंदाजाची चूक टक्केवारीत मोजायला शिकवत असतील, तर मागणी शून्य असलेल्या महिन्यांचे काय करायचे हेही शिकवतात का ते बघा. शून्याने भागता येत नाही आणि सुट्या भागांच्या यादीत शून्याचे महिने भरपूर असतात.

आता नावाजलेल्या सर्टिफिकेटांकडे येऊ. एएससीएम या संस्थेच्या (पूर्वीची एपिक्स) सीपीआयएमला (नियोजन व साठ्याचे सर्टिफिकेट) अनुभवाची अट नाही, आणि पदवी असेल तर सीएससीपीलाही (संपूर्ण सप्लाय चेनचे सर्टिफिकेट) बसता येते. दोन्ही परीक्षा 150 प्रश्नांच्या, साडेतीन तासांच्या. गुणांची पट्टी 200 ते 350, उत्तीर्ण व्हायला 300. सीपीआयएम पूर्वी दोन भागांत होती, आता एकच परीक्षा आहे. कोणी अजून ‘भाग एकची बॅच’ विकत असेल तर साहित्य जुने आहे असे समजा. आयएसएम या संस्थेच्या सीपीएसएम या खरेदी-पुरवठ्याच्या सर्टिफिकेटला मात्र पदवीधरालाही तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तिचा क्लास पहिल्याच वर्षी लावण्यात अर्थ नाही. खरेदीत जायचे असेल तर सीआयपीएस या खरेदी क्षेत्रातल्या संस्थेची चौथ्या पातळीची पदविका हा सुरुवातीचा टप्पा आहे; नावापुढे एमसीआयपीएस (त्या संस्थेचे सदस्यत्व) लावायला पुढच्या पातळ्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो.

क्लासची फी आणि परीक्षेची फी बहुधा वेगळ्या असतात, पुन्हा बसायचे तर पुन्हा पैसे. सीपीआयएम-सीएससीपी टिकवायला दर पाच वर्षांत 75 गुणांचे शिक्षण दाखवावे लागते. आणि ‘कोर्स पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र’ म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र नव्हे. जाहिरातीत हे दोन्ही एकाच ठळक टायपात छापतात. शंभर टक्के प्लेसमेंटबद्दल लिहीत नाही, आपल्या पानावर जागा थोडी असते.

अभ्यासक्रम शिळा आहे का, हे दोन गोष्टींवरून ओळखता येते. इन्कोटर्म्सच्या (आंतरराष्ट्रीय व्यापारात माल पोचवण्याची जबाबदारी कोणाची हे ठरवणाऱ्या अटी) 2020 च्या आवृत्तीत 11 अटी आहेत आणि डीएटी (टर्मिनलवर पोच) जाऊन डीपीयू (ठरल्या जागी उतरवून पोच) आली. सीआयपीखाली (विक्रेता वाहतूक व विमा भरतो) विक्रेत्याने घ्यायच्या विम्याचे संरक्षणही वाढले, सीआयएफखाली (तशीच, पण समुद्री वाहतुकीची अट) ते किमान पातळीवरच राहिले. यादीत अजून डीएटी असेल तर बाकीचे धडेही त्याच वयाचे असणार. दुसरी खूण सॅप या कंपन्यांच्या व्यवहार-नोंदीच्या सॉफ्टवेअरची. त्याच्या जुन्या ईसीसी आवृत्तीची मुख्य देखभाल 2027 अखेर संपते. केवळ तिचे स्क्रीन आणि ट्रान्झॅक्शन कोड पाठ करून घेणाऱ्या कोर्ससाठी वेगळे पैसे मोजू नयेत. पर्चेस ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि बिल ही तिन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर पैसे का अडतात, हे ज्याला समजले तो स्क्रीन आठवड्यात शिकतो.

पैसे भरण्याआधी फुकट अजमावून बघण्याची सोय आहे. एमआयटीचा सप्लाय चेनचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स पाच कोर्स आणि एक अंतिम परीक्षा असा आहे. प्रमाणपत्र नको असेल तर धडे पैसे न देता बघता येतात. विश्लेषणाचा कोर्स, ज्यात संभाव्यता, रिग्रेशन (गोष्टींमधला संबंध आकड्यांत मांडणे) आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग (मर्यादांत राहून सर्वांत चांगला पर्याय काढणे) येते, तो दोन आठवडे करून पाहा. त्यात मन रमले तर नियोजन. आकड्यांचा कंटाळा आला तर खरेदी किंवा वाहतुकीचा कोर्स शोधा, तिथे वाटाघाटी आणि कागदपत्रे जास्त, गणित कमी.

मग ज्या कोर्सवर बोट ठेवले असेल तिथे फोन करून मागच्या बॅचचा एक तपासलेला गृहपाठ मागा, नाव झाकून चालेल. तपासणाऱ्याने लाल शाईत काय लिहिले आहे ते वाचा. गृहपाठ देत नसतील, किंवा त्यावर नुसतीच बरोबरची खूण असेल, तर पुढचा नंबर लावा.

आपला,
साठा-नियोजनात काम करणारा एक वाचक