काडी पेटवण्याआधी

संपादक महोदय,

एप्रिलमधली खरड छाटणी झाली की नाशिक जिल्ह्यात बांधाबांधावर द्राक्षवेलीची छाटलेली काडी पेटते. ‘काडी कुजत नाही’ असं सांगितलं जातं. काडी कुजते, मात्र नुसती जिवाणूंची पुडी शिंपडून नाही.

पक्व काडीत कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी. अखंड काडीत पाणीही लवकर मुरत नाही. म्हणून बांधणीची सुतळी आणि तारेचे तुकडे वेचून श्रेडरने, म्हणजे कुट्टी यंत्राने, इंच-दीड इंचाची कुट्टी करावी, रात्रभर भिजवावी. एक टन कुट्टीला 300 किलो ताजं शेण, 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणकाल्यात कालवलेलं 1 किलो कुजवणारं संवर्धक पुरतं. वीतभर थर देत सावलीत पाच फूट रुंद, चार फूट उंच ढीग रचावा. काला फवारणीच्या टाकीत मात्र कालवू नये. तळाला राहिलेलं ताम्रयुक्त बुरशीनाशक संवर्धकालाच मारतं.

पाचव्या दिवशी ढिगात पहार खुपसून दहा मिनिटांनी काढावी. हातात धरवली नाही, तर ढीग तापला. गार निघाली, तर एप्रिलच्या उन्हात बहुधा ओलच कमी पडलेली असते. मूठभर कुट्टी पिळल्यावर बोटांच्या फटीत थेंब दिसावा, धार लागू नये. पोटात राखेसारखी पांढरी भुकटी दिसली की ढीग सुकलाय. सडक्या अंड्यांचा वास आला तर पाणी जास्त झालंय. अमोनिया नाकात झोंबला तर नत्र उडतंय, कोरडी कुट्टी मिसळावी. दर पंधरा-वीस दिवसांनी पलटी द्यावी आणि कडेचा माल आत घालावाच. मिलीबग ही कीड आणि करपा रोगाची बुरशी त्या गार कडेलाच तग धरते.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पहिल्याच दिवशी टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. 60 अंशांच्या उष्णतेत ती टिकत नाही. ढीग निवल्यावर, शेवटच्या पलटीला टाकावी.

घाईही नको. अर्धकच्ची कुट्टी वेलीच्या बोदात, म्हणजे मातीच्या वरंब्यात, गेली की कुजताना जमिनीतलंच नत्र ओढते आणि फूट पिवळी पडते. ओल असूनही पलटीनंतर ढीग पुन्हा तापला नाही, तरच खत चाळावं. राहिलेले तुकडे पुढच्या ढिगाला विरजण म्हणून घालावेत. ओल राखली तर एप्रिलचा ढीग ऑक्टोबर छाटणीआधी वेलींजवळच्या चारीत भरता येतो.

अडचण श्रेडरची आहे. छाटणीचे काही दिवस सोडले तर तो उभाच राहतो, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. गावोगावच्या औजार बँकांनी एप्रिलच्या आधी तो भाड्याने उपलब्ध करावा, ही विनंती.

– द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका