विद्यार्थ्यांच्या कामाच्या जतनाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या अभिलेखागाराची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. मात्र केवळ पारितोषिकप्राप्त चित्रे व संहिता ठेवून बाकीचे काम वर्षअखेरीस रद्दीत द्यावे, हे तुमच्या समितीचे मत मला मुळीच पटलेले नाही.

मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे उदाहरण घे. १८७२ ते १८८५ या काळात तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. हे कॅनव्हास लंडनला गेले आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतले अनेक जळाले. वाचलेले आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्याआधी ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृतींचीही १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या आगीत अशीच राख झाली होती. लेण्यांतील मूळ रंग पुढे झिजत गेल्यामुळे, शिकणाऱ्या मुलांच्या हातच्या त्या प्रतिकृती आता अभ्यासकांना पुरावा म्हणून उपयोगी पडतात. कोणते काम पुढे मोलाचे ठरेल, हे त्याच वर्षी बसलेल्या परीक्षकांना कसे कळावे?

शिवाय पारितोषिक मिळते ते पूर्ण झालेल्या कामाला, आणि शिक्षण घडते ते त्याच्या आधी. आमच्याकडच्या एका रेखाटनवहीत बाजारात बसलेल्या भाजीवालीची एकच रचना तीनदा काढलेली आहे. दुसऱ्या रेखाटनावर शिक्षकांनी तांबड्या पेन्सिलीने खांद्याची रेषा खाली ओढली आहे, आणि तिसऱ्यात विद्यार्थिनीने ती सूचना न मानता टोपलीच पुढे आणून तोल साधला आहे. तिचे अंतिम चित्र पाहून यातले काहीही समजणार नाही. एकांकिकांचेही तसेच. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. त्यासाठी महाविद्यालयांत बसवलेल्या प्रयोगांच्या तालमीच्या प्रतींत, समासातल्या प्रकाशयोजनेच्या खुणांत आणि खोडलेल्या संवादांत दिग्दर्शनाचा सारा विचार असतो, आणि नेमक्या त्याच प्रती कोणी ठेवत नाही.

कागदाच्या देखभालीचे थोडक्यात सांगतो. आम्लरहित कागदाची पाकिटे वापर, स्टेपलच्या पिना काढून टाक, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नकोस, आणि पावसाळ्यात कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर ठेव. स्कॅन केलेल्या प्रती किमान दोन ठिकाणी असू देत, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न हक्काचा आहे. काम परीक्षेसाठी दिले, एवढ्याने त्यावरचा विद्यार्थ्याचा हक्क संपत नाही; १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे कलाकृती व साहित्यावरील कर्त्याचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून काम जमा होतानाच लेखी संमती घ्यावी. जपणे, अभ्यासकांना दाखवणे आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे या तीन गोष्टींना स्वतंत्र होकार असावा, गुण झाकावेत, आणि नकार देणाऱ्याचे काम सन्मानाने परत करावे. वीस वर्षांच्या मुलीने मन मोकळे करून लिहिलेली कविता तिला न विचारता कोणाच्याही हाती पडता कामा नये, याबाबत माझे मत ठाम आहे.

सगळेच ठेवायला जागा पुरणार नाही, हेही खरे. तेव्हा दरवर्षी प्रत्येक वर्गातून काही संपूर्ण वह्या, गुण न पाहता, निवडाव्यात, असा प्रस्ताव समितीपुढे मांड. आमच्या संमतिपत्राचा मसुदा सोबत पाठवत आहे. त्यात हवे ते बदल कर, आणि समितीने काय ठरवले ते अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित